स्वरलिपीकडून स्वराकडे : यान आल्ब्रेख्त यांच्या कार्याचा विचार

संगीतशास्त्रज्ञाचे मोठेपण त्याच्या ग्रंथांवरून ठरवावे, असा विद्वानांचा सामान्यतः परिपाठ आहे. आणि संगीतसभा भरविणाऱ्याचे मोठेपण त्याने भरविलेल्या सभांच्या संख्येवरून ठरवावे, असा संस्थाचालकांचा. हे दोन्ही मापदंड सोयीचे आहेत यात शंका नाही. ग्रंथ मोजता येतात, सभाही मोजता येतात. परंतु ज्याचा व्यासंग सभेसाठी होता आणि ज्याची सभा व्यासंगातून निर्माण झाली, अशा माणसापुढे हे दोन्ही मापदंड अपुरे पडतात. ग्रंथांच्या यादीत त्याचे नाव चार-पाच ओळींत संपते. आणि सभांच्या इतिहासात, त्याने व्यासपीठावरून मोठी भाषणे केलेली नसल्यामुळे, ते पुष्कळदा येतच नाही. स्लोव्हाकियातील संगीतशास्त्रज्ञ, व्हायोलावादक आणि ‘मूझिका एतेर्ना’ या वाद्यवृंदाचे संस्थापक यान आल्ब्रेख्त (१९१९–१९९६) हे अशांपैकी एक होत. त्यांच्या कार्याचे मूल्यमापन कोणत्या कसोटीवर करावे, हा या लेखाचा विषय आहे. प्रश्न एका परदेशी व्यक्तीपुरता दिसला, तरी एका नगरात अनेक भाषा नांदत असता त्या नगराचे संगीत कोणाचे, हा जो त्याच्या पोटातील प्रश्न आहे, तो बृहन्महाराष्ट्रातील वाचकाला परका वाटेल असे नाही.

आल्ब्रेख्त समजावयाचे तर प्रथम त्यांचे नगर समजून घेतले पाहिजे. डॅन्यूब नदीच्या काठी वसलेल्या या नगराला जर्मन माणूस प्रेसबुर्ग म्हणे, हंगेरियन माणूस पोझोन्य म्हणे, आणि स्लोव्हाक माणूस प्रेश्पोरोक म्हणे. १५६३ पासून १८३० पर्यंत हंगेरीच्या राजांचे राज्याभिषेक येथील संत मार्टिनच्या प्रधान मंदिरात होत. राजसभेबरोबर सरदार आले आणि सरदारांबरोबर वादक व गायक आले. सहा वर्षांचा मोत्सार्ट १७६२ साली येथे येऊन वाजवून गेला. नऊ वर्षांच्या लिस्टने १८२० साली येथे आपले वादन केले. हुम्मेल १७७८ साली आणि दोहनान्यी १८७७ साली याच नगरात जन्मले. बार्टोकचे शालेय शिक्षणही येथेच पुरे झाले. १९१० च्या खानेसुमारीत नगरातील जर्मन भाषकांचे प्रमाण शेकडा ४२ च्या आसपास, हंगेरियनांचे ४० च्या आसपास आणि स्लोव्हाकांचे अवघे १५ च्या आसपास होते. पहिले महायुद्ध संपले, चेकोस्लोव्हाकियाचे राष्ट्र जन्मास आले, आणि १९१९ साली या नगराला ‘ब्रातिस्लाव्हा’ हे अधिकृत नाव मिळाले. त्याच वर्षी यान आल्ब्रेख्त यांचा जन्म झाला. नगराचे नवे नाव आणि हे मूल यांचे वय एकच होते.

वडील आलेक्झांडर आल्ब्रेख्त (१८८५–१९५८) हे रचनाकार. त्यांचा जन्म अरादचा, शिक्षण प्रेसबुर्गचे व पुढे बुडापेस्टच्या संगीत अकादमीतले. बार्टोकशी त्यांचा जुना स्नेह होता आणि पियानोवादनाचे धडेही त्यांनी त्याच्याकडून घेतले होते. प्रेसबुर्गला परत येऊन त्यांनी संत मार्टिनच्या मंदिरात ऑर्गनवादन केले आणि १९२१ पासून तेथील संगीतमंडळाची धुरा वाहिली. हे मंडळ १८३३ साली स्थापन झालेले. बेथोव्हेनच्या ‘मिस्सा सोलेम्निस’ या प्रचंड रचनेचे जे अगदी आरंभीचे समग्र प्रयोग झाले, त्यांपैकी एक या मंडळाने १८३५ साली केला. १८८४ साली वृद्ध लिस्टने येथेच आपल्या ‘राज्याभिषेक’ प्रार्थनासंगीताचे संचालन केले. या मंडळात गाणारे-वाजविणारे बहुतांशी नगरातीलच हौशी लोक असत. त्यांच्या जोडीला वेतनावरचे थोडे वादक असत. अशा मंडळात रविवारच्या प्रार्थनेसाठी आठवडाभर तालीम होते आणि त्या तालमीतच नगराची संगीताभिरुची घडते. यान आल्ब्रेख्त यांना वारसा मिळाला तो या तालमींचा.

पुढील इतिहास सर्वांस ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धात नगरातील ज्यू समाज मारला गेला वा देशोधडीस लागला. १९४५ नंतर जर्मन भाषकांची मोठ्या संख्येने हकालपट्टी झाली. हंगेरियनही पुष्कळ गेले. १९४८ साली साम्यवादी राजवट आली आणि १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच ते शंभर वर्षांहून जुने संगीतमंडळ बंद पडले. जी माणसे त्या स्वरलिप्यांवरून गात होती ती निघून गेली, आणि स्वरलिप्या मागे राहिल्या. संगीताच्या परंपरेवर येणाऱ्या आपत्तींपैकी ही एक फार विलक्षण आपत्ती होय. ग्रंथ जळाले तर निदान काय गेले हे कळते; येथे ग्रंथ शिल्लक राहिले आणि वाचणारा गेला.

याच काळात दुसरीकडे नवी व्यवस्थाही उभी राहत होती, हे नमूद करणे न्यायाचे होईल. १९४९ साली स्लोव्हाक फिल्हार्मोनिक स्थापन झाली व वाक्लाव तालिखसारखा थोर संचालक तिला लाभला. त्याच वर्षी संगीत व नाट्य यांचे उच्च शिक्षण देणारे महाविद्यालय ब्रातिस्लाव्हात निघाले. १९६५ साली वार्षिक संगीतमहोत्सव सुरू झाला. स्लोव्हाक संगीताला शासनाने आश्रय दिला नाही, असे कोणास म्हणता येणार नाही. परंतु या आश्रयाला स्वतःचे असे एक इतिहासाचे चित्र हवे होते. आणि त्या चित्रात जर्मन नाव धारण करणाऱ्या, लॅटिन प्रार्थनांना स्वर देणाऱ्या, हंगेरीच्या धर्माधिकाऱ्यांच्या पदरी असलेल्या रचनाकारांना स्वाभाविकपणेच कडेची जागा मिळाली.

या पार्श्वभूमीवर कापितुल्स्का रस्त्यावरील आल्ब्रेख्तांच्या घराचा विचार केला पाहिजे. संत मार्टिनच्या मंदिराला लागून असलेला हा जुना, शांत रस्ता. या घरात वाद्ये होती, पुस्तके होती, स्वरलिप्यांचे गठ्ठे होते, आणि मुख्य म्हणजे दार उघडे होते. संगीताचे विद्यार्थी, चित्रकार, लेखक, अभ्यासक येथे येत. चौघे जमले की चतुष्टय वाजविले जाई, आणि वाजवून झाले की त्यावर बोलणे होई. घरगुती वादनाची ही प्रथा मध्य युरोपात नवी नव्हती. चतुष्टय हा रचनाप्रकार तर मुळात घरातच वाढलेला. परंतु ज्या काळी सार्वजनिक जागेतील प्रत्येक शब्दाला कोणाची तरी अनुमती लागत होती, त्या काळी एका घराने अर्धा विद्यापीठाचा आणि अर्धा सभागृहाचा भार उचलावा, ही गोष्ट प्रथेच्या पलीकडची होय. आल्ब्रेख्त अध्यापकही होते आणि त्यांच्या हाताखालून अनेक विद्यार्थी गेले. तथापि वर्गातील अध्यापनाइतकेच या घरातील सहवासाने नव्या पिढीला घडविले असे मानावयास जागा आहे. रचनाकार व अभ्यासक व्लादिमीर गोदार हा त्या सहवासात वाढलेल्यांपैकी एक.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे प्राप्त आहे. घर ही खाजगी जागा. तिचे दार कितीही उघडे असले तरी ते ज्याला ठाऊक आहे त्यालाच उघडे. मूठभर रसिकांनी एकत्र बसून वाजविले, एवढ्याने नगराच्या संगीतजीवनाचे काय साधले? आक्षेप बिनतोड वाटतो. परंतु आल्ब्रेख्तांच्या कार्याचा दुसरा टप्पा नेमका याच आक्षेपाला उत्तर देतो. १९७३ साली त्यांनी ‘मूझिका एतेर्ना’ हा वाद्यवृंद स्थापन केला, आणि घरात जे रुजले होते ते सभागृहात आले.

हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. ऑगस्ट १९६८ मध्ये परकी सैन्ये चेकोस्लोव्हाकियात शिरली, आणि पुढील वर्षांत ज्याला तेथील सत्ताधारी ‘सामान्यीकरण’ म्हणत त्याचा अंमल सुरू झाला. नवसंगीताच्या प्रयोगांवर वक्रदृष्टी झाली. अशा वेळी सतराव्या-अठराव्या शतकांतील संगीताकडे वळणे म्हणजे वर्तमानापासून पळ काढणे नव्हे काय, असे कोणी विचारील. मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचे उत्तर सरळ ‘नाही’ असे देता येईल असेही वाटत नाही. जुन्या संगीतात आसरा होता हे खरे आहे. ज्याला आज बोलता येत नाही तो कालच्याविषयी बोलतो, हे सर्व देशांत घडले आहे. परंतु ते जुने संगीत कोणते होते ते पाहिले पाहिजे. काप्रिकोर्नुस हा १६५० नंतरच्या काही वर्षांत प्रेसबुर्गच्या प्रॉटेस्टंट पंथीयांचा संगीतप्रमुख होता. आंटोन त्सिमरमान (१७४१–१७८१) हा त्याच नगरात कार्डिनल बात्यानीच्या पदरी होता, आणि त्याची एक सिंफनी दीर्घकाळ हायडनच्या नावावर खपत होती एवढी तिची योग्यता. ‘मूझिका एतेर्ना’च्या पुढील ध्वनिमुद्रणांत ही नावे आली. यांचे संगीत वाजविणे म्हणजे, हे नगर एकाच भाषेचे व एकाच मताचे कधीही नव्हते, ही गोष्ट श्रोत्यांच्या कानांवर घालणे होते. नास्तिक शासनाच्या सभागृहात प्रार्थनासंगीत आणि एकभाषिक इतिहासाच्या दालनात बहुभाषिक नगर, असा हा प्रवेश होता. याला पलायन म्हणावयाचे असेल तर ते आपल्याच घराच्या मागील दाराने आत शिरणाऱ्याचे पलायन होते!

आता या उद्योगाच्या शास्त्रीय बाजूकडे वळू. जुन्या युरोपीय संगीताची हस्तलिखिते हाती आली म्हणजे संगीत हाती आले असे होत नाही. बहुधा त्यांत प्रत्येक वादकाचा व गायकाचा भाग वेगळ्या वहीत लिहिलेला असतो. सर्व भाग एकत्र मांडलेली संहिता नसतेच. एखादी वही हरवलेली असते आणि तो भाग उरलेल्यांवरून तर्काने भरून काढावा लागतो. मंद्र स्वरांची एक ओळ लिहिलेली असते व तिच्यावर केवळ आकडे घातलेले असतात. त्या आकड्यांवरून संपूर्ण स्वरसंगती ऑर्गनवादकाने वा हार्प्सिकॉर्डवादकाने वाजविता वाजविता उभारावयाची असते. अलंकार लिहिलेले नसतात, कारण ते लिहावयाचे नसतातच. ते गुरूकडून कानाने घ्यावयाचे असत. लयीचा हिशोब, नृत्यांच्या चाली, शब्दांचा उच्चार, आतड्याच्या तारांचा मृदू नाद, आखूड गजाची हलकी फेक, हे सारे त्या कागदाच्या बाहेर आहे. म्हणजे स्वरलिपी ही येथे संगीताची पूर्ण नोंद नसून जाणत्याला दिलेली खूण असते. जाणता गेला की खूण मुकी होते. तिला बोलके करावयाचे तर इतिहासाचा अभ्यास हवा, ग्रंथांचे वाचन हवे, आणि हाती वाद्य हवे. यांतील एकही गोष्ट वगळून चालत नाही.

आपल्या वाचकाला येथे एका विरोधाची आठवण होईल. पं. भातखंडे यांनी १९१६ साली बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरविली, घराण्याघराण्यांतून चिजा मिळविल्या आणि त्या स्वरलिपीत बांधून छापल्या. त्यांच्यापुढे जिवंत कंठ होते आणि कागद नव्हता. म्हणून ते कंठाकडून कागदाकडे गेले. आल्ब्रेख्त यांच्यापुढे कागद होते आणि कंठ उरले नव्हते. म्हणून त्यांना उलट दिशेने प्रवास करावा लागला. शास्त्रज्ञाने सभा का भरवावी, याचे उत्तर दोन्ही ठिकाणी एकच आहे. शास्त्राचे प्रमाण अखेर नादात असते, आणि नाद सिद्ध होण्यास माणसे एकत्र यावी लागतात.

या दृष्टीने आल्ब्रेख्तांच्या ग्रंथांकडे पाहिले म्हणजे त्यांची अल्पसंख्या खटकत नाही. बरोक संगीताची रूपे व रूपांतरे यांविषयीचा त्यांचा ग्रंथ १९८२ साली प्रसिद्ध झाला, आणि ‘कलाविषयक निबंध’ हा संग्रह १९८६ साली. म्हणजे बरोक संगीतावरील पुस्तकाच्या नऊ वर्षे आधी वाद्यवृंद निघाला होता. प्रथम प्रयोग, मग प्रतिपादन, असा हा क्रम आहे. एका नगरवासी संगीतकाराच्या आठवणींचे पुस्तक तर त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९९८ साली निघाले. शिस्तबद्ध इतिहासलेखन हा त्यांचा प्रांत नव्हता. स्लोव्हाकियाच्या प्राचीन संगीतसंस्कृतीचा सलग इतिहास हवा असेल तर वाचकाने रिखार्ड रिबारिच यांचा १९८४ सालचा ग्रंथ पाहावा; तेथे कागदपत्रांची जी छाननी आहे तिची अपेक्षा आल्ब्रेख्तांकडून करू नये. निबंध हाच त्यांच्या प्रकृतीला मानवणारा प्रकार होता, कारण निबंध हा संभाषणाचा सख्खा भाऊ आहे, आणि संभाषण हेच त्यांचे खरे माध्यम होते.

मात्र गुणगौरवात दोष झाकले जाऊ नयेत. संभाषणातून जे दिले जाते ते ऐकणाऱ्यांच्या आयुष्यापुरते टिकते. आल्ब्रेख्तांच्या ज्ञानाचा किती भाग लिहिला गेला आणि किती त्यांच्याबरोबर गेला याचा हिशोब कधीच लागणार नाही. आणि ज्याने इतरांच्या मौनातून संगीत सोडविण्यात आयुष्य घालविले, त्याने स्वतः इतके कमी लिहून ठेवावे, ही विसंगती नजरेआड करता येत नाही. दुसरे असे की, ‘मूझिका एतेर्ना’ आरंभी आधुनिक घडणीच्या वाद्यांवर वाजवीत असे. व्हिएन्ना तेथून सुमारे साठ किलोमीटरांवर. १९१४ साली या दोन नगरांना जोडणारी विजेची गाडी सुरू झाली होती. त्या व्हिएन्नात निकोलाउस हार्नोन्कूर्ट यांचा वृंद १९५३ पासून जुन्या घडणीच्या वाद्यांवर वादन करीत होता. पण मधे तारेचे कुंपण होते. ब्रातिस्लाव्हाच्या वृंदाने ऐतिहासिक वाद्ये पूर्णपणे स्वीकारली ती १९८९ च्या सुमारास. तोपर्यंतचे वादन आजच्या काटेकोर श्रोत्याला तडजोडीचे वाटेल, आणि ते तसे होतेही. परंतु तडजोड करावयाची नाही म्हणून वाट पाहत बसले असते, तर १९८९ साली वाद्ये हाती देण्यास तयार वादकच नसते.

तिसरी गोष्ट संस्थेच्या भवितव्याची. १९८६ साली हा वृंद स्लोव्हाक फिल्हार्मोनिकच्या छत्राखाली आला. वेतन आले, सभागृह आले, दौरे आले. आणि घरातून निघालेल्या उपक्रमाला कार्यालयाची चौकट आली. हौशी मंडळाचे व्यावसायिक संस्थेत रूपांतर होते तेव्हा काही मिळते आणि काही जाते. येथे मिळाले ते अधिक, असे माझे मत आहे. पेतेर झायीचेक यांच्या नेतृत्वाखाली वृंदाने पुढे जे कार्य केले ते पाहता, संस्थापकाने संस्था आपल्या नावाशी बांधून ठेवली नाही हे उघड होते. संस्थापकाची खरी परीक्षा त्याच्या नंतरच होते. आल्ब्रेख्त तिच्यात उतरले. गोदारसारख्या शिष्यतुल्य स्नेह्याने त्यांच्या लेखनाच्या प्रकाशनासाठी कष्ट घेतले. आणि त्याच गोदारची ‘माटेर’ ही रचनामाला २००६ साली ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने जगापुढे आली तेव्हा तीत जुन्या घडणीच्या वाद्यांचा नाद नव्या रचनेत सहज मिसळलेला ऐकावयास मिळाला. जुन्याच्या अभ्यासातून नवे निर्माण व्हावे, यापरते अभ्यासाचे साफल्य कोणते?

१९९३ साली स्लोव्हाकिया स्वतंत्र राष्ट्र झाले. जन्मापासून मृत्यूपर्यंत आल्ब्रेख्त एकाच नगरात राहिले आणि त्या मुदतीत त्यांच्या पायाखालचे राज्य अनेकदा बदलले. राज्याबरोबर भाषेचे स्थान बदलले, इतिहासाची पाठ्यपुस्तके बदलली, रस्त्यांची नावे बदलली. ज्यांची भाषा एकदा राजभाषा होती आणि दुसऱ्या दिवशी नव्हती, अशा समाजांना दोन मोह नेहमी पडतात. पहिला मोह आपल्या वैभवाच्या आठवणी कुलूपबंद करून ठेवण्याचा. दुसरा, त्या आठवणी टाकून देऊन नव्यात विरघळण्याचा. आल्ब्रेख्त यांनी दोन्ही टाळले. प्रेसबुर्गचे संगीत त्यांनी ब्रातिस्लाव्हाच्या तरुणांच्या हाती दिले. ज्यांच्या आजोबांनी ते कधी ऐकलेही नसेल अशांच्या हाती दिले. ते संगीत कोणाचे, या प्रश्नाला त्यांचे उत्तर कृतीत आहे. जो त्याची तालीम करील त्याचे ते संगीत.

म्हणून आरंभीच्या प्रश्नाकडे परत यावयाचे तर, अशा माणसाची कसोटी ग्रंथसंख्या नव्हे आणि सभासंख्याही नव्हे. त्याच्या आधी जे मुके होते त्यांपैकी काय त्याच्या नंतर बोलू लागले, आणि तो नसतानाही बोलत राहिले, एवढेच पाहावयाचे. या कसोटीवर यान आल्ब्रेख्त यांचे स्थान स्लोव्हाक संगीताच्या इतिहासात कडेला नसून मध्यभागी आहे. आपल्याही नगरांतून, जेथे मराठी आज अनेकींतील एक भाषा झाली आहे, जुन्या संगीतसभांची दप्तरे आणि चिजांच्या वह्या कपाटांतून पडून आहेत. त्यांची सूची करणारे अभ्यासक निघत आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. पण सूची पुरी झाली की काम संपले असे मानू नये. वही उघडून चार माणसे एकत्र बसली, की तेथून काम सुरू होते.